एरंडोल बेस कँप

एरंडोलहून हिमालयात गेलेली पहिली तुकडी सहा माणसांची होती आणि त्यांच्यामागे एक कुत्रं होतं. एकचक्रा नगरी म्हणजे आमचंच गाव, अशी इकडची जुनी समजूत. त्यामुळे पांडव आम्हाला भाऊबंदांसारखेच. ती मोहीम काही फार यशस्वी झाली नाही. सहांतले पाच वाटेत पडले, वर पोचला तो एकटा धर्मराज, आणि त्यालाही कुत्र्यावरून दारातच अडवलं. एवढा अनुभव गाठीशी असूनही तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या सहा जणांनी पुन्हा तोच बेत केला. कुत्र्याची अडचण नव्हती, बसस्टँडवर हवे तेवढे आहेत.

खापर फोडायचंच तर माझ्या साडूवर फोडावं लागेल. साडू पुण्याचा. पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी 1998 साली एव्हरेस्ट सर केलं, 2012 साली गिरिप्रेमीच्या आठ जणांनी केलं, तेव्हापासून कोथरूडच्या प्रत्येक माणसाला आपण एव्हरेस्टच्या दोन-तीन कँप खालीच राहतो असं वाटतं. साडू बेस कँपला जाऊन आला, 5,364 मीटर. दिवाळीला आमच्याकडे फराळाला बसला आणि एकेका चकलीगणिक उंची सांगत गेला. नामचे, तेंगबोचे, गोरकशेप. चकल्या संपल्या तेव्हा बायकोनं माझ्याकडे पाहिलं. साधारण तेवढ्याच उंचीवरून.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर गट निघाला: ‘हिमालय’. मग ‘हिमालय नवीन’. आता चालू आहे तो ‘हिमालय फायनल 2’. सभासद असे: कापूसवाले जिभाऊ, भूगोलाचे सर, मेडिकलवाले आप्पा, जेवणखाण खात्याचे नाना, फोटो काढण्यासाठी आप्पांचा पुतण्या. सहावी जागा खरं तर द्रौपदीची. पण घरी विचारायचं धाडस कोणालाच झालं नाही, म्हणून ती मला मिळाली आणि सोबत हिशेबाची वहीही.

पहिली सभा सरांनी खाल्ली. जळगावची उंची 209 मीटर, आपण त्याच्याच आसपासचे, म्हणजे आपली फुप्फुसं सपाटीची, असं त्यांनी दुःखानं सांगितलं. 2,500 मीटरनंतर विरळ हवा बाधू शकते. 3,000च्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसतं थांबावं. यातला थांबण्याचा भाग सर्वांना पटला आणि त्याच दिवसापासून अमलात आला. विरळ हवेची लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, रात्री झोप न लागणं. ही चारही मला दोनशे मीटरवरच झाली, साडूनं विमानाच्या तिकिटासकट खर्चाचा आकडा पाठवला त्या रात्री. आप्पा म्हणाले, डायमॉक्स देऊ का? मी म्हटलं, आधी आकडा खाली आणा.

नानांचा प्रश्न वेगळाच होता. वरती डाळ शिजते का? सरांनी खरं ते सांगितलं: पाच हजार मीटरवर पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी लवकर येते पण डाळ शिजत नाही. नाना हादरले. मला मात्र आमच्या सभेचं यापेक्षा चांगलं वर्णन आजवर कोणी केलेलं आठवत नाही.

मग तारीख. आता हे बाहेरच्या लोकांना समजावून सांगणं कठीण आहे. हिमालय उघडतो मे-जूनला; तेव्हा इकडे लगीनसराई, आणि ती संपते न संपते तोच पेरणी. आभाळ निवळून शिखरं स्वच्छ दिसतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा कापसाची वेचणी, आणि मजूर आज मिळाले तर उद्या नाहीत. हिवाळ्यात बर्फातून चालायचं तर केदारकांठा आहे म्हणे. पण तेव्हा जिभाऊंचा कापूस घरात. भाव यायचा असतो. पुढची अख्खी खोली आढ्यापर्यंत भरलेली, घरादाराला खाज सुटलेली, पाहुणा आला तर ओट्यावरच बसवायचा. जिभाऊ दर सभेला एकच वाक्य बोलतात, “भाव आला की पैसे भरतो.” भाव कधी येतो? जिभाऊंनी कापूस विकल्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या मोहिमेची किल्ली अशी तीन वर्षं कापसात पडून आहे.

एकदा मात्र सगळं जमत आलं होतं. रूपकुंड ठरलं, झेलम एक्स्प्रेसच्या वेळा पाहून झाल्या, आप्पांनी सर्वांचा रक्तदाब मोजून (स्वतःचा सोडून) तंदुरुस्तीचे दाखले कुठून आणायचे तेही ठरवलं. आठ महिने गेले. मग पुतण्यानं हळूच सांगितलं की उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं 2018 सालीच तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे. आम्ही ठरवायला लागलो त्याच्या कितीतरी आधी. कुरणं तुडवली जातात, कचरा होतो, न्यायालयाचं बरोबरच होतं. पण खरं सांगतो, आम्हाला काय हलकं वाटलं! तीन वर्षांतला हा एकच अडथळा आमच्या घरांतून आला नव्हता.

सामान मात्र घेऊन झालं होतं. आधी खरेदी, मग डोंगर, हीच हल्लीची रीत. बूट पायात मुरवावे लागतात, असं साडू म्हणाला होता. सरांनी ते शाळेत मुरवले, नानांनी भाच्याच्या लग्नात. वरातीत बॅण्डसमोर नाचताना त्यांची पकड चांगली राहिली, घसरले नाहीत, असा अहवाल आहे. दुमडती काठी जिभाऊंनी घेतली. पहाटे धरणगाव रस्त्यावर फिरायला जाताना ती उपयोगी पडायची, कुत्री हाकायला. उणे दहा अंशांचं जाकीट मी घेतलं आणि ते अंगाला बसतं का हे पाहायचं राहिलं होतं म्हणून मे महिन्यात दुपारी दोनला घालून पाहिलं. बाहेर 44. म्हणजे जाकीट आणि हवामान यांच्यात 54 अंशांचा मतभेद. चेन अडकली. ती निघेस्तोवर मी मोहिमेतला पहिला जायबंदी ठरलो होतो. आईनं कांदा फोडून नाकाशी धरला. ती तेवढंच म्हणाली, “तठे काय ठेवेल शे?”

पुढं मोहीम आपोआप उतरत गेली. 5,364वरून 3,810चा केदारकांठा. त्याला रजा मिळेना, म्हणून 1,646चं कळसूबाई; राज्यातलं सर्वांत उंच आहे, कमी काय? कळसूबाईला रविवारी गर्दी असते, म्हणून सातपुड्यात तोरणमाळ, तिथं तर गाडीच वर जाते. तोरणमाळला गाडी कोणाची न्यायची यावर दोन सभा झाल्या. दिवसाला 500 मीटरहून जास्त चढू नये हा नियम आहे, उतरायला मर्यादा नाही. शेवटी गेल्या पौषात आम्ही निघालो आणि पद्मालयाला पोचलो. गावापासून दहाएक किलोमीटर. मोटारसायकलींवर.

पद्मालय ही चेष्टेची जागा नाही. टेकडीवरचं जंगल, कमळांचं तळं, देवळात शेजारी शेजारी दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. पुढं रानात भीमकुंड. भीमानं बकासुराला तिथंच लोळवलं म्हणतात. बकासुराला लागायचा गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. नानांनी आणलं होतं डाळ-बट्टीचं सामान, हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याच्या भाकरी, बिबडे, शेंगदाण्याची चटणी, आणि वाढायला एक माणूस. डाळ उत्तम शिजली. हिमालयात भीम कोसळला तेव्हा धर्मराजानं मागं वळूनही न पाहता कारण सांगितलं होतं: फार खायचा आणि ताकदीची फुशारकी मारायचा. आम्ही पद्मालयालाच कोसळलो, निंबाखाली, ओळीनं. पुतण्यानं झोपलेल्यांचा फोटो काढून गटावर टाकला. खाली लिहिलं, ‘बेस कँप’.

चैत्रात जिभाऊंच्या घरून वहिनी वणीला निघाल्या. दरवर्षीच निघतात. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला खानदेशातून माणसं चालत जातात, धुळे, मालेगाव, कळवण करत. आमच्याकडून दीडशेहून जास्त किलोमीटर, डांबर पाघळलेलं, आणि शेवटी गड. वहिनींची मोहीम यंदा नळावर ठरली. दोन हंडे भरेस्तोवर तारीख पक्की झाली, तिसऱ्यात कोणाच्या टेम्पोत पाण्याचे ड्रम ठेवायचे ते ठरलं. सामान एक पिशवी. पायात साधी चप्पल, तीही बरोबरच्या दोघींच्या पायात नव्हती, नवस होता.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. पुढच्या दिवाळीचा विषय चालू होता, सर सांदकफूचं सांगत होते. वहिनी बाहेर आल्या आणि जिभाऊंना म्हणाल्या, “ती काठी द्या ना. रस्तामा कुत्रा भू शेतस.”

जिभाऊंनी दिली. ती लांब कशी करायची, मनगटाचा पट्टा कसा अडकवायचा, उतारावर किती वाढवायची, हे सरांनी समजावायला घेतलं. तोवर त्या चौकात पोचल्या होत्या.

पौर्णिमेनंतर काठी परत आली. टोकाचं रबर झिजून गेलं आहे, मुठीला कुंकू लागलं आहे. जिभाऊंनी तिचा फोटो ‘हिमालय फायनल 2’वर टाकला. सतरा अंगठे आले. गटात माणसं सहाच आहेत, बाकीचे कोण ते आप्पा शोधत आहेत.