आत्याच्या पडवीत कोण वाजेल?

प्रति,
सर्व मोबाईल कंपन्यांचे मा. विपणन व्यवस्थापक
(सरकारी कंपनीत असं पद असल्यास, तेही)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या आत्याने वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिला स्मार्टफोन घेतला. त्यात सिम कुणाचं घालायचं, यासाठी आपण सर्वांनी होर्डिंग, रिक्षा आणि क्रिकेटचे सामने यांमार्फत जे अर्ज केलेत, त्यांचा निकाल कळवत आहे.

प्रथम उमेदवारांना गिऱ्हाइकाची ओळख. आत्या दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घर चिऱ्याचं, भिंती दीड हात रुंद. तिला पुण्याच्या लेकीशी रोज बोलायचं असतं, रविवारी नातवाचं तोंड बघायचं असतं आणि गॅसवाल्याचा ओटीपी वेळेवर यावा एवढी इच्छा असते. वेब सिरीज ती बघत नाही. सिरीजमध्ये घडतं ते सगळं वाडीत आधीच घडून गेलेलं आहे.

अशा बाईला आपण सगळ्यांनी एकमुखाने रोजचा दीड-दोन जीबी डेटा देऊ केलात. उरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो, हे ऐकून तिने दुकानदाराला विचारलं, "जातो म्हणजे कुठे जातो?" त्याला उत्तर देता आलं नाही. आपल्यापैकी कुणी दिलं तर मलाही ऐकायचं आहे. थोड्या डेटाचे स्वस्त पॅक असतात, नाही असं नाही, पण अ‍ॅपमध्ये त्यांच्यापर्यंत पोचायला बोट दुखेपर्यंत खाली सरकावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले. तेही आपण ठेवलेत. त्यांचं होर्डिंग मात्र माझ्या पाहण्यात अजून आलेलं नाही. जागा शिल्लक नसेल.

पण खरं कौतुक आपल्या पंचांगाचं. आपला महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला रिचार्ज तेरा. आमच्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाला तेहतीस अनारसे दिले की भागतं. आपला अधिक महिना दरवर्षी येतो आणि आपण अनारशांवर ऐकत नाही. दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा निदान एक पॅक प्रत्येकाने ठेवावा, असं ट्रायने २०२२ मध्येच सांगून झालंय. असा पॅक आजवर कुणाला मारून दिल्याचं आत्याच्या दुकानदाराला आठवत नाही.

थोडा इतिहास. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि मिस्ड कॉल ही आपली राष्ट्रीय संदेशपद्धती बनली. २०१८ अखेरीस किमान रिचार्जची अट आली. म्हणजे आता लेकीने आत्याला फोन करायचा, त्यासाठी आत्याने आधी पैसे भरून ठेवायचे. फिरून तिथेच आलो, फक्त मधल्या काळात जिंगल चांगल्या झाल्या.

आता मुख्य परीक्षा: रेंज.

इथे पहिली चूक घरची मंडळी करतात. कल्याणचा भाचा गणपतीला गावी येतो आणि स्वतःच्या खिशातल्या कंपनीची शिफारस करून जातो. कंपनी तीच असली तरी कल्याण, नवी मुंबई हे मुंबई सर्कलमध्ये आणि दापोली गोव्यासकट महाराष्ट्र सर्कलमध्ये. लहरी वेगळ्या, टॉवरची दाटी वेगळी. कल्याणात लिफ्टमध्ये वाजणारं सिम वाडीत फणसाखालीसुद्धा गप्प बसू शकतं.

ट्रायच्या आदेशामुळे आपल्या वेबसाइटवर आता कव्हरेजचे नकाशे असतात. एका कंपनीच्या नकाशात आत्याचं घर ५जीच्या रंगात न्हाऊन निघालं आहे. माजघरात मात्र एकही कांडी नाही. नकाशाला चिऱ्याची भिंत दिसत नाही. ५जीच्या ज्या वेगाची जाहिरात होते तो बराचसा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून येतो आणि जितकी लहर उंच, तितकी ती भिंतीपुढे लवकर हात टेकते. ७००, ९०० या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही शिरतात. या आकड्यांचं गाणं कुणी बसवत नाही.

शिवाय वाडीवरच्या सड्यावर टॉवर एकच आहे. त्याच्यावर तिघांच्या अँटेना आहेत. तिघे एकमेकांना जाहिरातीत पाण्यात पाहतात आणि सड्यावर एका खांबाला धरून उभे असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यात वीज गेली, टॉवर मुके झाले आणि दोन कंपन्यांची दोन सिमं बाळगणाऱ्या शहाण्यांची दोन्ही सिमं एकदम गेली. तेव्हा कुठली कंपनी चांगली, हे विचारण्याआधी टॉवरला बॅटरी किती तास पुरते आणि जनरेटरमध्ये डिझेल कोण ओततं, हे विचारायला हवं. आम्ही आपल्या छत्रीखाली सिम विकणाऱ्या पोराला तेच विचारलं. त्याने आत्याला टोपी देऊ केली.

सरकारी उमेदवाराला उद्देशून दोन शब्द. खासगी ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, आपलं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आपण वाढवले नाहीत, हे आत्याच्या लक्षात आहे.

शेवटी निवड आम्ही अशी केली. सकाळी दूधवाला, दुपारी पोस्टमन, संध्याकाळी शेजारची सून, ज्याच्या-त्याच्या हातातला फोन मागून घेतला आणि पडवीत, माजघरात, चुलीपाशी उभं राहून पुण्याला लावला. ज्याच्यावर लेकीने एकदाही "हॅलो, हॅलो, तुटतंय" म्हटलं नाही, ती कंपनी पास. एक पास झाली. नाव सांगत नाही, शेफारेल.

मग छत्रीखाली आत्याचा अंगठा यंत्रावर उठेना. जन्मभर रातांबे फोडलेला अंगठा तो, रेषा राहिल्यात कुठे? पोराने एकेक बोट पदराला पुसून लावून बघितलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सरकारने आत्या म्हणून ओळखलं. जुनाच नंबर पोर्ट केला, कारण तो बँकेत आहे, गॅसवाल्याकडे आहे आणि देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला आहे.

न निवडलेल्यांनी नाउमेद होऊ नये आणि निवडलेलीने हुरळून जाऊ नये. कळावे, लोभ असावा.

आपला,
आत्याचा भाचा

ता. क. पोर्ट केल्यावर ९० दिवसांनी पुन्हा पोर्ट करता येतं. १९०० वर एक एसएमएस टाकायचा. त्यासाठी पॅकमध्ये एसएमएस असायलाच हवेत असं नाही, हेही ट्रायने २०२१ मध्ये आपल्याला कळवलेलं आहे. आत्याला १९०० पाठ आहे.