पंच, जाळी आणि भंडारा

बेसबॉलच्या पंचाला तोंडावरची जाळी कशी काढावी याचं रीतसर शिक्षण देतात. डाव्या हाताने खालची कड धरायची, आधी पुढे ओढायची, मग वर उचलायची. डोक्यावरची टोपी जागची हलता कामा नये. उजवा हात मोकळा, बादचा इशारा द्यायला. टोपी पडली की पंचाची पत गेली म्हणे!

हे शास्त्र जुन्नर-आंबेगावातल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात येऊन शिकवा. निशाणावरच्या झेंडापंचाने नाकातोंडावर उपरणं गुंडाळलेलं, भंडारा पापण्यांवर, धुरळा दातांत. चार बैल डोळ्यांसमोरून कधीच गेलेले. उपरणं सोडायच्या आत गाडामालक समोर: "झेंडा उशिरा कसा पडला, आप्पा?" इथे निकाल सेकंदाच्या तुकड्यावर लागतो, आणि घड्याळवाला बहुतेक कुणाचा तरी पाहुणा निघतोच. अशा वेळी आप्पा तोंड झाकलेलंच ठेवतात. शहाणपण आहे ते.

सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी या शर्यतींना सशर्त परवानगी दिली. लगेच आंबेगावातल्या लांडेवाडीने १ जानेवारी २०२२चा मुहूर्त धरला. बैल सजले, पाहुणे आले, आणि करोनाचं कारण देत प्रशासनाने ऐनवेळी परवानगी काढून घेतली. अख्खा घाट मास्कमध्ये, पळायला कुणी नाही!

पुढे शर्यती सुरू झाल्या. बैलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची. पंचाच्या नाकाची विचारपूस अजून कुणी केलेली नाही.