आया पाहिजे, आमच्या अटींवर

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात बाळासाठी आया ठेवायची म्हणजे जावई शोधण्याइतकी चौकशी. आधार कार्ड, पोलीस पडताळणी, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर. तेलुगू तिला येणारच, पण आजीचं मराठीही कळावं. मोबाइल बघू नये, आजारी पडू नये. पगार विचारला की मात्र कागदपत्रं बाजूला पडतात आणि ‘तू तर घरातलीच’ सुरू होतं. भविष्य निधीचं कार्यालय याच बरकतपुऱ्यात, पायी जाण्याच्या अंतरावर. पण भविष्य निधीचा नियम साधारणपणे किमान २० कामगार असतील तिथे लागू. इथे आया एकच. (घरातल्या माणसाला फंड कशाला, म्हणा!) परवा एकीनं शांतपणे विचारलं, ‘आधीच्या आयांचे नंबर तुम्ही देता का?’