आजी ‘हो’ म्हणाल्या

“काकू, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण जरा थांबा. एक गंमत सांगायचीय,” मृणाल भिंतीपलीकडून म्हणाली. ही बाई गंमत म्हणाली की समजायचं, डोकं फिरलंय आणि विषय तिच्या लेकाचा, ओजसचा आहे.

विश्रामबागेतल्या आमच्या दोन घरांमधली ही भिंत जेमतेम छातीएवढी. तिच्यावरून वाट्या, डबे, पेपर सगळं ये-जा करतं. बातम्यांना तर तेवढी भिंतही आडवी येत नाही. तरी मी आपलं विचारलं, “काय गं, काय झालं?”

“लॉकडाउनमध्ये शाळेसाठी घेतलेला तो कॉम्प्युटर माहितीय ना? शाळा सुरू झाली, पण ओजस काही त्याच्यासमोरून उठेना. शेवटी विंडोजची ती फॅमिली सेफ्टी लावली. त्याचं वेगळं खातं काढलं, जन्मतारीख खरी घातली. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन. रात्री नऊनंतर बंद.”

“छान की मग.”

“छान कसलं! पहिल्याच दिवशी बोंब, आई, क्रोम उघडत नाही. त्यातली नको त्या साइट अडवणारी गाळणी फक्त एजमध्ये चालते. म्हणून ती लावली की बाकीचे ब्राउझर बंदच होतात. तासभर त्याला हेच समजावत बसले. तो तास त्याच्या कोट्यातून गेला म्हणून पुन्हा रडारड.”

मी हसले. मग म्हटलं, मागच्या गल्लीतलं तुला कळलं का? त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातला बाप इंजिनियर. त्यानं म्हणे थेट राउटरमध्येच डीएनएसचे आकडे बदलले. 1.1.1.3. क्लाउडफ्लेअरचं आहे, पैसे पडत नाहीत. त्या वायफायवर कुठलंही यंत्र लावा, अश्लील साइट उघडणारच नाही. बाप महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होता.

“मग?”

“मग काय, पोरगं आजोबांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतं. राउटरच्या वाटेला जातंय कोण! आजोबांचा रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो आणि ते सिमवाल्या कंपनीला शिव्या घालत ओट्यावर बसतात. बापाला अजून पत्ता नाही.” मला कसा पत्ता, ते विचारू नका. त्यांची आणि आमची धुणंवाली एकच.

मृणाल म्हणाली, “त्यापेक्षा ते मोहित्यांचं वडगाव बरं, काकू.”

हे मात्र खरं. आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. 2022 साली त्यांनी सुरू केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठपर्यंत पोरं पुस्तकं घेऊन बसणार. ना कुठलं ॲप, ना पासवर्ड. आणि मला त्यातलं आवडलं ते हे की भोंगा पोरांपुरता नव्हता, आयांच्या मालिकाही त्याच वेळेत यायच्या.

“आमच्याकडे भोंगा लावला तर आई आधी तोच बंद करतील,” मृणाल म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई. “आणि खरी गंमत आईंचीच आहे. वेळ संपली की मुलाला ‘आणखी वेळ हवा’ असं मागता येतं. ती मागणी माझ्या मेलवर येते. माझा जुना फोन आईंना दिलाय, भजनं ऐकायला. त्यात माझा मेल अजून चालू! परवा आठवड्याचा अहवाल आला. बघते तर गुरुवारी चार तास. आईंना विचारलं. म्हणाल्या, अगं, ओजसनेच दाखवलं, आजी, इथे दाब. बिचारा मागतोय तर नाही कसं म्हणू? मी हो म्हटलं.”

“सगळे दिवस?”

“एकादशी सोडून.”

म्हणजे एवढी सगळी यंत्रणा अमेरिकेतून फिरून शेवटी आमच्या शेजारच्या माजघरात येऊन थांबली होती. मी तिच्या नवऱ्याच्या, नितीनच्या खात्याचं विचारलं. तर म्हणे, “ह्यांच्या खात्याला पासवर्डच नाही.” आता बघा! ओजसच्या खात्याला पहारा आणि बापाचं खातं उघडं, तेही ॲडमिनिस्ट्रेटरचं. पोरानं त्यात शिरायचा अवकाश, ना तास ना गाळणी. मी कडक बोलले. नितीनला लहानपणापासून ओळखते, तेवढा हक्क आहे मला.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “अहवालात अजून एक होतं. काय काय शोधलं तेही येतं ना. त्यात होतं, मिशी कधी येते.”

दोघी हसलो. पण मी विचारलं, “तू हे वाचतेस, ते त्याला माहितीय?”

नव्हतं माहीत. मला ते पटलं नाही. वेळेचं कुलूप त्याला दिसतं, त्यावर तो भांडू तरी शकतो. चोरून वाचलेलं मात्र एक दिवस रागाच्या भरात आईच्याच तोंडून निघतं, आणि मग बारा वर्षांचं पोर पुढची पाच वर्षं काही म्हणून विचारायला येत नाही. सांगून टाक, म्हटलं. आणि मिशीचं बोलायचं असेल तर बापाला पुढे कर.

“पण कायदाही आलाय ना आता?” तिनं विचारलं.

आलाय की. 2023 चा. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीनं आईबापाची संमती पडताळून घ्यायची. नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला, वर कंपन्यांना तयारीला दीड वर्षाची मुदत. तोवर पोरं थोडीच थांबतात! “ओजसच्या वर्गातल्या एकानं जन्मसाल 1998 टाकलंय,” मृणाल म्हणाली. कंपनीच्या लेखी त्याच्या लग्नाचं वय उलटत आलं.

मी तिला सुचवलं ते एवढंच, की जुन्या फोनमधला मेल काढ, पण आजींचा अधिकार काढू नको. रोज अर्धा तास वाढवून द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं, उघडपणे, तुझ्यासमोर.

पुढच्या आठवड्यात ओजसच भिंतीवर कोपरं टेकवून उभा. तोंड उतरलेलं. “काकूआजी, आजी आता आधी पाढे म्हणायला लावते. तेवीसचा चुकला तर वेळच नाही म्हणते. कॉम्प्युटर बरा होता, तो निदान पाढे विचारत नव्हता.”

“आणि बाबांच्या खात्याला पासवर्ड घातला का रे?”

“घातलाय ना. बाबा विसरतात म्हणून आजीनं लिहून ठेवलाय, कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.” आणि कॅलेंडर कुठे असतं, ते मला विचारावं लागलं नाही. दिवाळीला मीच दिलेलं, कॉम्प्युटरच्या बरोब्बर वर टांगलंय.