कडा, कठडा आणि आमचा नातू

लिंगाण्यावर मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यावरून परत आलो. पहिल्या खेपेला दोर कमी पडला, दुसऱ्या खेपेला मी. तरी चांगली चढाई कशाला म्हणतात ते ओळखण्याइतका अनुभव गाठीशी आहे. गेल्या जुलैत आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जी झाली, ती चांगली चढाई होती. गिर्यारोहकाचं वय वीस महिने, अंगात डायपर, सोबतीला एक कापडी हत्ती.

दुपारी पावणेतीनला आतल्या खोलीतून ‘धप्प’ असं ऐकू आलं. मागोमाग रडं ऐकू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी, आमची ही आणि सूनबाई तीन दिशांनी धावलो आणि खोलीच्या दारात एकमेकांना अडलो. तेवढ्यात आमच्या पायांमधून वाट काढत नातू बाहेर आला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाला, “बिकिट.” क्रिबच्या बाजूला हिने गोधड्यांची चळत लावून ठेवली होती, नेमका तिच्यावर उतरला होता. त्या गोधड्या तिथून हलवा म्हणून मी महिनाभर कटकट करत होतो. तो विषय त्या दिवसापासून बंद आहे.

क्रिब ही वस्तू आमच्या घराण्यात पहिलीच. बारशाला आम्ही माळ्यावरचा पाळणा उतरवला होता. माझं आणि माझ्या मुलाचं नाव त्यातच ठेवलेलं. पण मूल उलटं पडायला, उठून बसायला लागलं की पाळणा पुन्हा माळ्यावर जातो. मग क्रिब आली. चारी बाजूंनी कठडे, कठड्यांना उभे गज, मधे गादी. मी म्हटलं, “अगं, लिंगाण्याच्या गुहांत पूर्वी कैदी ठेवायचे, पण त्यांनासुद्धा एक बाजू मोकळी होती.” त्या बाजूला दरी होती हे सांगायचं राहिलं, कारण सूनबाई म्हणाली, “बाबा, जरा हा स्क्रू धरा.”

पडल्याची बातमी रात्री न्यू जर्सीला पोचली आणि आमच्या लेकीने व्हिडिओ कॉलवर चौकशी आयोग बसवला. अमेरिकेत बाळांच्या झोपेचे कायदे आहेत. आमच्याकडे फक्त अंगाई आहे. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या वर नको, मी फूटपट्टी लावून दाखवलं. एक बाजू खाली सरकणारी क्रिब तर नाही ना? तिकडे तसल्या क्रिब जून २०११ पासून विकता येत नाहीत, बाजू निखळून मुलं अडकतात म्हणून. नाही, आमची पक्की होती. मग कॅमेरा आत फिरवला आणि ती ओरडलीच, “बंपर कुणी लावला?”

बंपर म्हणजे बाळाचं डोकं आपटू नये म्हणून गजांना आतून बांधायची जाड, उशीसारखी पट्टी. तान्ह्या बाळाचा त्यात श्वास कोंडू शकतो म्हणून तिकडे २०२२ साली कायद्याने त्यावर बंदी आली. आमच्या नातवाने तिचा उपयोग पायरी म्हणून केला होता. दुसरी पायरी हत्ती. हत्ती मी आणला होता. आयोगाने त्याची नोंद घेतली.

बंपर गेला, हत्ती गेला. गादी सगळ्यात खालच्या खाचेवर आणली. ती खरं तर मूल धरून उभं राहायला लागतं तेव्हाच खाली न्यायची असते, पण आम्ही मूल उभं राहिल्याच्या आनंदात फोटो काढत बसलो होतो. एका बाजूचा कठडा थोडा उंच होता, ती बाजू खोलीकडे केली आणि बुटकी बाजू भिंतीला चिकटवली. शेजारच्या काकूंनी वरून मच्छरदाणी ताणून बांधायचा सल्ला दिला. त्यावर सूनबाई “काकू, ते काय खुराडं आहे?” एवढंच बोलली, पण लेकीने खरं कारण सांगितलं: जाळीत मान अडकू शकते. मग एक झोपायची पिशवी मागवली. ती मुलाच्या अंगात घालायची, हात बाहेर, पाय आत, म्हणजे टांग वर जात नाही. ही म्हणाली, “पोत्यात घालून मुलं पळवतात, झोपवत नाहीत.” नातवाने दुसऱ्या रात्री पुढची चेन उघडली. तिसऱ्या रात्रीपासून पिशवी उलटी घातली, चेन पाठीवर. त्याने आठवडा निघाला.

या आठवड्यातच घरात एक जुनं प्रकरण उघडकीला आलं. एवढा खटाटोप बघून ही सहज म्हणाली, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी साडीने पलंगाच्या पायाला बांधून ठेवायचे, तेव्हा कुठे पोळ्या व्हायच्या.”

मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली. “कुणाला?”

“तुला. दुसरं कोण होतं घरात?”

मुलगा चौतीस वर्षांचा आहे. तो बराच वेळ पलंगाकडे बघत होता.

चढणाऱ्या मुलासाठी मोठ्यांनी पाळायचा नियम असा, की तो कठड्यावर दिसला तर आरडाओरडा करायचा नाही, हसायचं नाही. निर्विकार चेहऱ्याने उचलून परत आत ठेवायचं आणि “आता झोपायचं” एवढं म्हणायचं. दर वेळी तसंच. सूनबाईने हे घरातल्या सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. त्या रविवारी पाळी माझी होती. दार किलकिलं करून मी पाहतो, तर पठ्ठ्याने पिशवीतून एक खांदा सोडवून सगळीच पिशवी खाली ढकलली होती. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, डावा पाय गजांच्या मधल्या आडव्या पट्टीवर रोवलेला, आणि मगच उजवा पाय वर निघालेला. तीन टेकू पक्के, चौथा हलवायचा. हे आम्हाला प्रस्तरारोहणाच्या शिबिरात चार दिवस शिकवलं होतं आणि तरीही मला जमलं नव्हतं.

माझ्या तोंडून “शाब्बास!” निघून गेलं.

तो हसला, हात सोडून टाळ्या वाजवायला गेला, आणि मी कसाबसा झेलला. मागे सूनबाई उभी होती. मला त्या खोलीत झोपेच्या वेळी जायला तेव्हापासून मनाई आहे.

पण एक गोष्ट मी कुणाला न सांगता केली होती, ती आता सांगतो. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. या वयात तर फारच, कारण डोकं जड. जन्मतः डोकं उंचीच्या पाव हिश्शाचं असतं, मोठ्या माणसाचं आठव्या हिश्शाचं. पोट कठड्यावर आलं की पुढचा निर्णय डोकंच घेतं. म्हणून रोज संध्याकाळी मी त्याला सोफ्यावरून उतरायला शिकवत होतो: आधी पोटावर झोप, पाठ फिरव, पाय खाली, जमीन लागली की हात सोड. हिरकणीचं नाव कडा उतरण्यासाठीच झालं. ती बाळासाठी उतरली, आमचं बाळ बिस्किटासाठी.

कठडा उभ्या मुलाच्या छातीखाली आला, किंवा उंची ८९ सेंटिमीटर झाली, की क्रिब बंद करायची, हा अमेरिकेतला हिशेब. दाराच्या चौकटीशी उभा करून मोजला तर नातू ८४ भरला. मुलगा म्हणाला, “अजून पाच बाकी आहेत.” नातू तेव्हा डायनिंग टेबलवर होता. मूल बाहेर येऊ लागलं, की उंची कितीही असो, क्रिबचं काम संपलं. सूनबाईने तिथल्या तिथे निकाल दिला.

आता गादी जमिनीवर आहे. कपाट आणि पुस्तकांचं शेल्फ भिंतीला स्क्रूने जखडलंय, कारण पुढचे कडे तेच. पडद्याची दोरी वर बांधली, दाराला छोटं फाटक लावलं. पहिल्या रात्री आम्ही चौघं कॅमेऱ्यासमोर बसून होतो. तो गादीवरून लोळत फरशीवर गेला, तिथे अंगाखाली हात घेऊन उताणा न होता तसाच झोपला, आणि सकाळी साडेसहापर्यंत हलला नाही.

क्रिब हॉलमध्ये उभी आहे आणि तिच्यात सध्या वाळलेले कपडे पडतात. लाकूड उत्तम, गज पक्के, एका बाजूचा कठडा थोडा चावलेला. कुणाला हवी असल्यास कोथरूडला येऊन घेऊन जावी, पैसे नकोत. मूल मात्र अजून उभं राहायला लागलेलं नसावं.