मूकपटशास्त्री

चॅप्लिनचा किंवा बस्टर कीटनचा एखादा चित्रपट आपण परवाच पाहिला असे कोणी सहज बोलून गेले, तर सामान्य श्रोता 'कसा वाटला?' एवढेच विचारतो. परंतु ज्या जातीच्या गृहस्थाविषयी मला येथे लिहावयाचे आहे, तो चष्मा कपाळावर चढवितो, खुर्ची किंचित पुढे ओढतो आणि 'कोणती प्रत?' असा सवाल टाकतो. या सवालास उत्तर नसणे हा त्याच्या दरबारी गुन्हा आहे, आणि 'प्रत म्हणजे? साधी डीव्हीडी होती, मुलाने कोठूनशी आणली' असे उत्तर देणे हा तर जामीन न मिळण्याजोगा गुन्हा आहे. अशा गृहस्थास त्याचे आप्तेष्ट विक्षिप्त म्हणतात. मी मात्र, त्याच्या विद्वत्तेविषयी मनात खरोखरच आदर असल्यामुळे, त्यास मूकपटशास्त्री म्हणतो.

या जातीचे जे शास्त्रीबुवा माझ्या निकट परिचयाचे आहेत ते पुण्यात राहतात, यात नवल नाही. कारण ज्या नगरीतील भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1919 पासून 1966 पर्यंत पोथ्यांमागून पोथ्या ताडून पाहिल्या, तेथे पाठभेदाचे व्यसन हवेतूनच लागत असावे. शास्त्रीबुवांची हयात लेखापरीक्षण खात्यात गेली. दुसऱ्याच्या हिशेबातील न जुळणारे साडेतीन रुपये हुडकून काढण्यात उमेदीची वर्षे खर्ची घातल्यावर सेवानिवृत्त माणसाने पुढे करावे काय, हा बिकट प्रश्न त्यांच्यापुरता ब्ल्यू-रे नामक तबकडीने सोडविला. प्रत्येक तबकडीची त्यांच्यापाशी स्वतंत्र नस्ती असते. तीत आक्षेप अनुक्रमाने नोंदलेले असतात, समासात 'खुलासा मागवावा' असा लाल शाईचा शेरा असतो, आणि खुलासा खरोखरच मागविला जातो. परदेशस्थ प्रकाशकांकडून आलेली नम्र, आणि पुढे पुढे कमी नम्र होत गेलेली, उत्तरे त्यांनी तारीखवार लावून सुतळीने बांधून ठेविली आहेत.

त्यांचा सर्वांत जुना आक्षेप वेगाविषयीचा असून तो ऐकून घेण्याजोगा आहे. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत. सेकंदास सोळा चौकटी हा ढोबळ शिरस्ता खरा, परंतु मूठ फिरविणाऱ्याचा हात, दिग्दर्शकाची मर्जी आणि चित्रगृहाच्या मालकास दिवसाकाठी आणखी एक खेळ बसविण्याची निकड, यांनुसार तो आकडा अठरा, वीस, बावीस असा चढत-उतरत असे. पुढे बोलपट आला, ध्वनीच्या सोयीसाठी सेकंदास चोवीस चौकटींचा कायदा झाला, आणि त्या कायद्याचा अंमल पूर्वलक्षी प्रभावाने बिचाऱ्या जुन्या चित्रांवरही बसला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत दर फुटास सोळा चौकटी असतात. म्हणजे हजार फुटांचे रीळ सोळाच्या वेगाने सोळा मिनिटे चाळीस सेकंद चालावे, ते चोविसाच्या वेगाने अकरा मिनिटे सात सेकंदांत आटोपते. मधली पाच मिनिटे तेहतीस सेकंद कोणी खाल्ली, असे शास्त्रीबुवा ज्या स्वरात विचारतात, तो स्वर एके काळी कित्येक खजिनदारांनी ऐकला असला पाहिजे.

फुटपाथवरच्या व्हीसीडींतून ज्यांनी मूकपट पाहिले, त्या आपणां सर्वांची प्रामाणिक समजूत अशी की 1920 च्या सुमारास माणसे सदान्‌कदा ठुमकत, धडपडत आणि लगबगीने चालत, आणि प्रेतयात्रेतही तीच घाई असे. आपले पणजोबा असे चालत नव्हते हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. चॅप्लिनादी विनोदवीर काही प्रसंग मुद्दाम सावकाश मूठ फिरवून चित्रित करीत, म्हणजे पडद्यावर ते जलद दिसत, हे शास्त्रीबुवांना अमान्य नाही. 'पण ती अफरातफर मालकाने स्वतः केलेली,' ते म्हणतात, 'तिची फिर्याद होत नाही.' या सर्व प्रकरणातील दुःखाची बाब अशी, की त्यांचे म्हणणे बहुधा खरे असते. चुकणारा विक्षिप्त शेजारी माणूस आनंदाने सोसतो.

एके रात्री त्यांनी आम्हां काही शेजाऱ्यांस मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' (1922) दाखविण्याचे योजिले. खिडक्यांचे पडदे ओढले गेले; यंत्राच्या तोंडावरील हिरव्या दिव्याचा ठिपकादेखील चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकला गेला; आणि शास्त्रीबुवांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर रबर लाविलेले पाच रिमोट मांडीवर ओळीने मांडले. अव्वल प्रत लावण्यापूर्वी त्यांनी फरक कळावा म्हणून एक निकृष्ट प्रत लाविली आणि तीतील नेमका एक प्रसंग काढून दाखविला. चित्र पांढुरके, पाट्यांवरची अक्षरे थरथरती, पार्श्वसंगीत म्हणून कोणत्या तरी भलत्याच मैफलीची ध्वनिफीत चिकटविलेली. आणि सूर्यकिरणांनी ज्यास मृत्यू यावयाचा तो लांब नखांचा उमराव, स्वतःची शवपेटी स्वतःच काखोटीस मारून, भर उजेडात, गावच्या रस्त्याने खुशाल चाललेला! तळमजल्यावरच्या काकांनी 'याला ऊन बाधत नाही का हो?' अशी रास्त शंका काढली.

शास्त्रीबुवा याच शंकेची वाट पाहत होते. त्या काळच्या फितीस रात्रीच्या अंधारात चित्र टिपणे कठीण जाई, म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसाढवळ्या चित्रित करीत आणि मागाहून ती फीत निळ्या रंगात बुडवीत. निळा रंग आला की रात्र झाली आणि पिवळसर आला की दिवा लागला, हा संकेत तेव्हाच्या प्रेक्षकांस पाठ होता. अशा रंगीत प्रतीची कोणी कृष्णधवल नक्कल काढिली, तीवरून आणखी एक नक्कल काढिली, की रंगाबरोबर रात्रही नाहीशी होते आणि पिशाच बिचारे उन्हात उभे राहते. एवढे सांगून ते थांबते तर ठीक होते. परंतु ब्रॅम स्टोकरच्या विधवेने, 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेता हे चित्र काढले म्हणून लाविलेला दावा, 1925 साली जर्मन न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याविषयी दिलेला हुकूम, आणि तो पुरता बजावला न गेल्यामुळे जगावर झालेले उपकार, हा सारा इतिहास त्यांनी पडद्यावरील चित्र थांबवून कथन केला. निकृष्ट प्रतींपुरता तो हुकूम आजही बजावण्यास प्रत्यवाय नसावा, असे त्यांचे मत पडले. नंतर अव्वल प्रत लागली, ती खरोखर अप्रतिम होती, आणि दर दहा मिनिटांनी थांबत होती. पिशाचाचे जहाज बंदरास लागण्यापूर्वीच आम्ही आपापल्या घरी जाऊन लागलो.

तथापि शास्त्रीबुवांच्या खऱ्या भक्तीचे स्थान ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (1928) हे आहे. त्याची मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी बर्लिनमध्ये जळाली. ड्रायरने उरल्यासुरल्या तुकड्यांतून दुसरी जुळविली, तिलाही आगीने गाठले. आणि मूळ स्वरूपाची प्रत अखेर 1981 साली सापडली ती ऑस्लोजवळच्या मनोरुग्णालयातील एका अडगळीच्या कपाटात. ही कथा शास्त्रीबुवा सद्गदित होऊन सांगतात. वहिनी मात्र चहाचे कप उचलता उचलता, 'सापडायचं ते बरोबर ठिकाणीच सापडलं म्हणायचं,' असे म्हणून आत जातात.

या चित्राचा मूळ वेग कोणता, याविषयी मतभेद आहे. 2012 साली लंडनच्या एका प्रकाशकाने ब्ल्यू-रे काढताना वीस आणि चोवीस अशा दोन्ही वेगांनी चित्र देऊन टाकले. बिचाऱ्यास वाटले असेल की तंटा मिटेल. तंटा मिटला नाही, त्याचे संप्रदाय झाले. स्मार्तांची एकादशी आज आणि भागवतांची उद्या, तसे आमचे शास्त्रीबुवा विशीचे आणि डोंबिवलीस राहणारे त्यांचे एक समानधर्मी चोविशीचे. दोघेही आपापल्या दिवशी कडक उपास करतात आणि दुसऱ्याच्या उपासास फराळ समजतात. डोंबिवलीकरांवर आणखी एक किटाळ आहे. संगणकाच्या साहाय्याने फितीवरचे ओरखडे आणि कण पुसून चित्र आरशासारखे लख्ख करणे त्यांना आवडते. आणि अशा धुलाईत नटनटींच्या कातडीचा पोत जाऊन चेहरे मेणाचे दिसू लागतात, हा शास्त्रीबुवांचा सिद्धांत आहे. 'कण म्हणजे मळ नव्हे, कण म्हणजेच चित्र,' असे ते दूरध्वनीवर ओरडून सांगताना मी जिन्यातून ऐकले आहे. दोघांत बोलणे बंद आहे. नव्या आवृत्तीची वार्ता मात्र एकमेकांस प्रथम कळविण्याचा प्रघात अद्याप मोडलेला नाही.

प्रदेशसंहिता हा शास्त्रीबुवांच्या संसारातील एक खर्चिक अध्याय आहे. डीव्हीडीच्या कारभाऱ्यांनी पृथ्वीचे विभाग पाडून अमेरिकेस पहिला, इंग्लंडास दुसरा आणि आपल्यास पाचवा क्रमांक दिला. ब्ल्यू-रेवाल्यांनी तोच अ, ब, क असा नव्याने तहनामा करून आपल्यास 'क' वर्गात बसविले. एका प्रदेशाची तबकडी दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रात चालत नाही; सबब दिवाणखान्यात तीन यंत्रे एकावर एक विराजमान आहेत. त्यातून जकातीचा तगादा निराळाच. ताजमहालाच्या आख्यायिकेवरचा 'शिराझ' (1928) हा हिमांशु राय यांचा मूकपट हिंदुस्थानातच चित्रित झालेला. त्याचा जीर्णोद्धार लंडनला झाला, त्यास अनुष्का शंकर यांचे संगीत मिळाले, आणि तो पाहावयाचा तर आयातशुल्क भरून आणावा लागला. पावती नस्तीत आहे. तीवर कोणताही शेरा नाही, कारण लिहावयास गेलो तर कागद पुरणार नाही असे ते म्हणतात.

फाळक्यांविषयी बोलताना मात्र हा गृहस्थ निराळाच होतो. 'राजा हरिश्चंद्र' (1913) ची जी काही रिळे आज उरली आहेत, ती पहिल्या चित्राची नसून 1917 च्या नव्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (1925) मूकपटरूपात आज पाहावयास मिळतच नाही. नायट्रेटची फीत कापरासारखी पेटते आणि न पेटली तर आपोआप कुजते, आणि 2003 साली याच पुण्यात जुन्या फितींच्या कोठारास आग लागून पुष्कळ काही गेले. मुर्नाऊच्या चार-चार आवृत्त्यांचा काथ्याकूट करणाऱ्या शास्त्रीबुवांची येथे एकच तक्रार असते: आक्षेप घ्यावयास तरी आवृत्ती हवी. या विषयावर त्यांची नस्ती कोरी आहे आणि त्या कोऱ्या नस्तीसही त्यांनी क्रमांक दिला आहे.

अलीकडेच त्यांच्या पुतणीचे लग्न ठरले. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने आपणांस जुन्या चित्रपटांची आवड असून फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' आपण पाहिला आहे, असे सांगितले, तेव्हा शास्त्रीबुवांच्या हातातली पोह्यांची बशी खाली आली आणि मुद्रेवर वात्सल्य उमटले. परंतु पुढच्याच वाक्यात मुलगा 'तो गाण्यांचा' असे बोलून गेला. 1984 साली जॉर्जिओ मोरोडर यांनी तेच चित्र रंगवून, कापून आणि त्यावर पॉप गाणी चढवून बाजारात आणले होते. पत्रिका जुळत होती, पगार चांगला होता, घर स्वतःचे होते. तरी शास्त्रीबुवांनी 'मुलगा गाण्यांचा मेट्रोपोलिस पाहतो' असा प्रतिकूल अभिप्राय नोंदविला. वडीलधाऱ्यांनी तो दप्तरी दाखल करून लग्नाचा मुहूर्त काढला.

आहेर म्हणून शास्त्रीबुवांनी त्याच चित्राची संपूर्ण आवृत्ती दिली. बर्लिनला 10 जानेवारी 1927 रोजी प्रथम दाखविलेले हे अडीच तासांचे चित्र पुढे बरेच छाटले गेले, आणि छाटलेला बहुतेक भाग 2008 साली ब्यूनोस आयर्सच्या एका संग्रहालयातील सोळा मिलिमीटरच्या फितीत सापडला. सोबत सूचनांची हस्तलिखित वहीही होती. पुढे असे निष्पन्न झाले की नवदांपत्याच्या घरी भिंतभर दूरदर्शन-संच आहे, परंतु तबकडी घालावयास फट अशी कोठेच नाही. तेव्हापासून ती दोघे दर रविवारी शास्त्रीबुवांकडे येतात. चित्र अजून फारसे पुढे सरकलेले नाही, कारण ब्यूनोस आयर्सचा भाग जेथे लागतो तेथे पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस सुरू होतो, चित्र आक्रसून कडेस काळी पट्टी येते, आणि मोठी चौकट लहान फितीत उतरविताना कडा कशी कापली गेली याचे निरूपण तेथे सुरू होते. गेल्या रविवारी जावईबापूंनी ते शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला, आणि ती सोळा मिलिमीटरची फीत काहीएक साफसफाई न करता स्वतंत्र तबकडीवर मिळते का, असे विचारले. वहिनींनी पुतणीस लागलीच स्वयंपाकघरात बोलावून घेतले आणि नव्या घरात भिंतीतली कपाटे किती केली आहेत, याची चौकशी केली.