आरमाराचे शेजारी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याला समुद्र नाही. आसपासही नाही. तिथल्या माणसाला खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचेच असले तर कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सस अशी तीन राज्यं ओलांडून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जावं लागतं. तरीही १९३१ सालापासून नेब्रास्काला स्वतःचं आरमार आहे. त्यात बोट नाही, तोफ नाही, खलाशी तर औषधालाही नाही. आहेत ते सगळे अ‍ॅडमिरल. एका हंगामी गव्हर्नरने गमतीत ही टूम काढली आणि ती इतकी रुचली की गव्हर्नरांच्या सहीची ती सनद आजही मान्यवरांना मिळते. काम नसलेलं पद आणि भिंतीवर लावायला कागद, हा प्रकार आपल्याकडे आधी कुणाला सुचला नाही याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

पुढे या थट्टेचं खरं झालं. जुलै १९९३ मध्ये ‘यूएसएस नेब्रास्का’ ही अणुपाणबुडी नौदलात दाखल झाली आणि मक्याच्या शेतांत हयात घालवलेल्या काही मंडळींनी तिच्यासाठी ‘बिग रेड सब क्लब’ काढला. ‘बिग रेड’ हे तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघावरून. पाणबुडीवरच्या पोरांना नेब्रास्कात पाहुणे म्हणून बोलवायचं, चार ठिकाणी मिरवायचं, जेवू घालायचं आणि परत पाठवायचं, असं हे काम. त्यातल्या बहुतेकांना पाणबुडी धड दिसत नाही, आणि तशी ती कुणाला दिसू लागली तर तिची नोकरीच गेली. पण नाव आपल्या गावाचं आहे ना, मग पोरंही आपलीच, एवढा साधा हिशेब.

मी राहतो तिथे समुद्राची ददात नाही. व्हर्जिनियातलं नॉरफोक म्हणजे जगातला सर्वांत मोठा नौदल तळ. इथे सलूनमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, किराणाच्या रांगेत, सगळीकडे कुणाचा ना कुणाचा नवरा, मुलगी किंवा जावई बोटीवर. त्यामुळे त्यांच्यासाठी झटणारी मंडळंही पुष्कळ. त्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक ‘नेव्ही लीग’. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही नागरिकांची संघटना. थिओडोर रूझवेल्ट यांचा तिला भक्कम पाठिंबा होता. १९२२ मध्ये तिने पहिला ‘नेव्ही डे’ साजरा केला तोही २७ ऑक्टोबरला, म्हणजे रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी. गावोगावी शाखा, आणि प्रत्येक शाखेने एखादी युद्धनौका, तटरक्षक दलाची एखादी बोट किंवा मरीन सैनिकांची एखादी तुकडी दत्तक घ्यायची अशी पद्धत. नऊ हजार टनांची विनाशिका दत्तक घेणाऱ्या समितीत सरासरी वय सत्तरीचं असतं आणि निम्म्यांना जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. पण दत्तकविधानाला वयाची अट नाही.

आमच्या शेजारचे, नौदलातून निवृत्त झालेले चीफ अशाच एका स्थानिक मंडळाचे खजिनदार आहेत. मी आयुष्यभर हिशेबनीस, हे त्यांना कळल्यापासून माझे दुपारचे कार्यक्रम तेच ठरवतात. सभेचा थाट सांगण्यासारखा आहे. आधी घंटा. मग ध्वजाला वंदन. मग चिकन, फरसबी आणि एक पाव, जो फेकून मारला तर शत्रूची लहानशी बोट सहज बुडेल. मग पाहुण्या कॅप्टनचं भाषण, त्यांना स्मृतिचिन्ह, मग आभार, आभारांवर आभार, आणि शेवटी लकी ड्रॉ. पुण्यात मी ज्या ज्या मंडळांच्या बैठकींतून जीव वाचवून पळालो, ती सगळी अटलांटिक ओलांडून माझ्या आधीच इथे पोचलेली दिसली.

या मंडळींना हसू नये असं वाटत असेल, तर १९१७ सालचा किस्सा वाचू नये. महायुद्धात अमेरिका नुकतीच उतरली होती. नेव्ही लीगच्या हाकेला ओ देऊन देशभरातल्या बायका नौसैनिकांसाठी स्वेटर, मफलर, मनगटपट्टे विणत बसल्या होत्या. त्याच जुलैत कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडच्या गोदीत दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्याच्या चौकशीवरून लीगने नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांच्यावर जाहीर आरोप केला. डॅनियल्स म्हणजे १९१४ मध्ये साऱ्या युद्धनौकांवरची दारू बंद करणारा माणूस. ते थोडेच ऐकून घेणार? त्यांनी लीगच्या पदाधिकाऱ्यांना तळांवर आणि बोटींवर यायला बंदी केली आणि वर जाहीर केलं की लीगचे स्वेटरसुद्धा नौदल घेणार नाही.

आता आली का पंचाईत! भांडण मंत्र्याचं आणि लीगच्या पुढाऱ्यांचं, आणि इकडे लाखो टाके सुयांवर अडकलेले. अर्ध्या बाहीचं काय करायचं? शेवटी रेड क्रॉसमार्फत वाट निघाली: लोकर तीच, विणणाऱ्या त्याच, फक्त पार्सलवरचं नाव बदललं. अटलांटिकच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या पोराला मफलर कुठल्या संस्थेचा हे विचारायला सवड होती असं वाटत नाही. दारूचं म्हणाल तर ती बंदी बरीचशी अजूनही आहे. सलग ४५ दिवस समुद्रावर काढले की माणशी दोन बिअर मिळतात, म्हणजे देशसेवेचा भाव तेवीस दिवसांना साधारण एक डबा.

थट्टा पुरे. ही मंडळं नेमकी कशाला लागतात हे मला सभेत कधी कळलं नसतं. ते कळलं बोट गेल्यावर.

इथल्या बायकांत एक पक्का समज आहे. बोट धक्क्यावरून सुटून क्षितिजाआड गेली की चोवीस तासांच्या आत घरातलं वॉशिंग मशीन बंद पडतं. मग गाडीची बॅटरी. मग धाकट्याला ताप. नवरा घरी असेपर्यंत ही सगळी यंत्रं आणि मुलं शिस्तीत दबा धरून बसलेली असतात. सहा-सात महिन्यांची फेरी, कधी ती वाढतेही, आणि नवऱ्याचा ई-मेल येणार तो समुद्राच्या मर्जीने. अशा वेळी भाषणं उपयोगाची नसतात, पाना लागतो. आमचे चीफ सभेत पंधरा मिनिटं शिलकीची रक्कम वाचतात तेव्हा मला डुलकी येते, पण हाच माणूस रात्री साडेनऊला गुडघे चोळत कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली आडवा पडलेला मी पाहिला आहे. बाहेर फक्त पाय. आतून आवाज, “वॉशर गेलाय. टॉर्च जरा डावीकडे धर.” टॉर्च धरणारा मी, आणि त्या घरातली चार वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उकिडवी बसून या मोहिमेचं धावतं वर्णन करणारी.

आता कुणी म्हणेल की एवढ्या बलाढ्य सरकारला हे करता येऊ नये? सरकार करतं बरंच. १९७० मध्ये अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांनी प्रत्येक बोटीमागे कुटुंबांची बाजू मांडणारी एक ‘ओम्बुड्समन’ नेमण्याची प्रथा सुरू केली; कुणातरी नौसैनिकाची बायकोच ती, बिनपगारी. पण सरकारची गाडी केव्हा रुतेल याचा नेम नसतो. २०१८ च्या डिसेंबरात अंदाजपत्रकावरून वॉशिंग्टनमध्ये हातघाई झाली आणि ३५ दिवस सरकारचा मोठा भाग ठप्प झाला. नौदलाचे पगार संरक्षण खात्यातून, ते सुरक्षित. तटरक्षक दल मात्र गृहसुरक्षा खात्याखाली, त्यामुळे १५ जानेवारी २०१९ चा पगार झालाच नाही. माणसं कामावर, बोटी समुद्रावर, बँक खात्यात खडखडाट. दलाच्या एका साहाय्य विभागाने कर्मचाऱ्यांसाठी पाच पानी सूचनापत्र काढलं: घरातल्या जुन्या वस्तू अंगणात मांडून विका, लोकांची मुलं सांभाळा, कुत्री फिरवा. बोभाटा झाल्यावर ते मागे घेतलं. वादळात उडी मारून बुडत्याला वाचवणाऱ्या माणसाने संध्याकाळी शेजाऱ्याचं पूडल फिरवावं, ही कल्पना लिहून काढणाऱ्याला नेब्रास्काचं अ‍ॅडमिरलपद द्यायला माझी हरकत नाही.

त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या गावागावांतून धान्याची, लंगोटांची, बाळाच्या दुधाची तात्पुरती कोठारं उघडली गेली. ती उघडली ती याच चिकन-फरसबीवाल्या मंडळींनी, चर्चवाल्यांनी, निवृत्त चीफ लोकांनी. त्यांच्याकडे घडीची टेबलं होती, फोन नंबरांची यादी होती, आणि वर्षानुवर्षं कंटाळवाण्या सभा भरवून आलेली एक सवय होती: कुणाला काय सांगायचं हे विचारावं लागत नव्हतं. संकटात मंडळ स्थापन करता येत नाही. ते आधीच, काही काम नसताना, एकमेकांना कंटाळा आणत आणत टिकवून ठेवावं लागतं. त्या लकी ड्रॉकडे मी तेव्हापासून आदराने पाहतो, तिकीट मात्र अजून लागलेलं नाही.

प्रेम लावावं आणि ते फळावंच असंही नाही. आयोवातलं सू सिटी हे असंच समुद्रापासून लांबचं गाव. त्याच्या नावाची युद्धनौका नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅनापोलिसला थाटात दाखल झाली. अशा समारंभांच्या मेजवान्या, भेटी, खलाशांसाठीच्या सोयी यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होत नाही. हौशी समित्या वर्गणी काढतात. सोहळ्यात नौकेची मानद माता मोठ्याने आज्ञा देते, ‘बोटीवर चढा आणि तिच्यात प्राण फुंका’, आणि खलाशी धावत सुटतात. डोळ्यांत पाणी येतं, हे मी पाहिलेल्या एका अशाच सोहळ्यावरून सांगतो. पण ऑगस्ट २०२३ मध्ये, पाच वर्षं भरण्याआधीच, नौदलाने सू सिटी निवृत्त केली. त्या प्रकारच्या नौकांत नौदलाला रस उरला नव्हता. वर्गणीची पावती मात्र कुणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी या सगळ्यात डोंबिवली शिरली. आमच्या ओळखीची एक मराठी मुलगी, नवरा विनाशिकेवर लेफ्टनंट. हिला दिवस गेले आणि याची बोट गेली. बाळंतपणासाठी डोंबिवलीहून तिची आई आली, आणि आल्या आल्या या काकूंची नौदलाशी पहिली चकमक झाली.

“जावई कधी येणार?”

“आई, तारीख सांगता येत नाही. बोटीच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.”

“अगं, मी काय पाकिस्तानला सांगणार आहे? फक्त तुझ्या माम्यांना.”

त्या माम्यांचा ग्रुप अठ्ठावन्न जणांचा आहे. अमेरिकन नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाला त्याची कल्पना नसावी. शेवटी “सणासुदीच्या सुमाराला” असं मोघम उत्तर पाठवायचं ठरलं. मराठी पंचांगात सण नाही असा एकही आठवडा नाही, त्यामुळे गुप्तता अबाधित राहिली.

बाळ आलं. ‘नेव्ही-मरीन कोअर रिलीफ सोसायटी’ म्हणून १९०४ सालची एक संस्था आहे. होणाऱ्या आईबापांना ती खर्चाचा ताळमेळ शिकवते आणि वर्ग संपला की बाळासाठी एक पिशवी देते. खलाशाच्या सामानाच्या पिशवीवरून तिचं नाव ‘ज्युनियर सीबॅग’. तिच्यात कुणीतरी स्वयंसेवक बाईने हाताने विणलेलं लोकरीचं पांघरूण असतं. काकूंनी डोंबिवलीहून आणलेली दुपटी पलंगावर पसरली होती, स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांनी ते पांघरूण हातात घेतलं, उलटं केलं, आणि खिडकीपाशी नेऊन टाके पाहिले. मागच्या बाजूला एकही गाठ नव्हती. कडेला एका ओळीत टाका चुकला होता आणि विणणारीने तो न उसवता पुढच्या ओळीत सावरून घेतला होता. “हिचं वय झालंय,” काकू म्हणाल्या. “पण हात चांगला आहे.” त्यांच्याकडून एवढं प्रमाणपत्र त्यांच्या सख्ख्या जावेलाही मिळालेलं नाही.

बोट परतायच्या आधी कुटुंबांत पहिल्या चुंबनाची सोडत निघते. तिकिटं विकायची, पैसे कुटुंबांच्या मंडळाला, आणि जिचा नंबर लागेल तिचा माणूस सर्वांआधी उतरून धक्क्यावर साऱ्या गावासमोर तिचं चुंबन घेणार. हे कळल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पाच तिकिटं घेतली आणि मला बजावलं, “नाव तिचं घाला, पण आमच्या ह्यांना कळवू नका.” नंबर दुसरीचाच लागला. मात्र फेरीच्या काळात बाप झालेल्यांना लवकर उतरवायची रीत असल्याने जावयाला मान मिळाला आणि काकूंचं समाधान झालं. धक्क्यावर आमचे चीफ टेबल मांडून कॉफी देत होते. काकूंनी त्यांच्या कॉफीचा एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती.

पुढच्याच सभेला काकू हजर. लेक, जावई, बाळ सगळं मागे टाकून पहिल्या रांगेत. त्यांनी चिकन ढकललं, पाव बोटाने दाबून पाहिला, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ आले तसा हात वर केला. दुभाषी अर्थातच मी. प्रस्ताव असा की दत्तक बोटीवरच्या सर्वांना एकदा बटाटेवडे खाऊ घालावेत. सभेत वडा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी ठरावाला अनुमोदन लगेच मिळालं. या मंडळींना नाही म्हणता येत नाही हेच तर त्यांचं दुखणं. चीफनी चष्मा लावला, वही उघडली. बोटीवर माणसं तीनशेच्या वर. माणशी किती धरायचे?

“दोन,” मी म्हणालो.

“तीन,” काकू म्हणाल्या. “आणि पोरं सहा महिने बाहेर होती, चार धरा. बटाटे पन्नास किलो लिहा. उकडायचं बघेन मी. ह्यांना विचारा, सोलायला माणसं किती देतायत?”